तळपायांची आग, कंबरदुखी आणि न सापडणारे कारण

वाचकाचे पत्र

माझे वय ५१ आहे. कराडजवळच्या एका गावात राहते. लग्न झाल्यापासून घरी ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवते. मशीन पायाची आहे. तीन वर्षांपासून दोन्ही तळपायांची आग होते, मुंग्या येतात, रात्री पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही आणि शेवटी उठून शहाबादी फरशीवर पाय टेकून बसावे लागते. कंबर त्याच्याही आधीपासून दुखते. एमआरआयमध्ये एल-४, एल-५ या मणक्यांमध्ये ‘बल्ज’ आहे. नसांची एनसीव्ही तपासणी नॉर्मल आली. तीन महिन्यांची साखर ६.१ आहे. बी-१२ भरपूर आहे. एक डॉक्टर म्हणाले, मणक्यात गॅप आहे, ऑपरेशन करून घ्या. दुसरे म्हणाले, शुगरची सुरुवात आहे. तिसऱ्यांनी सांगितले की रिपोर्टमध्ये काहीच नाही, मन कशात तरी रमवा. ॲसिडिटीची गोळी मी कित्येक वर्षे घेते. नसांच्या गोळ्या चालू आहेत, लाल इंजेक्शनेही झाली. घरात आता कोणी विचारत नाही. ऑपरेशन करावे का? शिवणकाम सोडावे का? आणि हे खरोखर मनाचे आहे का?

उत्तर

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीच्या प्रश्नांवर त्याचे सावट आहे. हे मनाचे नाही. तुम्ही जे वर्णन केले आहे, म्हणजे दोन्ही तळपायांची सारखी आग, रात्री वाढणारा त्रास, पांघरुणाचाही न सोसणारा स्पर्श आणि गार फरशीवर मिळणारा तात्पुरता आराम, ते वर्णन नसांच्या आजारांवर काम करणारा कोणीही डॉक्टर ऐकताक्षणी ओळखेल. नसांच्या या बिघाडाला न्यूरोपॅथी म्हणतात आणि त्यातही तुमची लक्षणे बारीक तंतूंच्या न्यूरोपॅथीशी जुळतात. पत्रावरून निदान करता येत नाही, ते समोर बसून, पाय तपासूनच करावे लागेल. पण ‘रिपोर्टमध्ये काहीच नाही’ हे वाक्य तुमच्या बाबतीत आजार नसल्याचा पुरावा ठरत नाही, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

त्याचे कारण तपासणीतच दडलेले आहे. एनसीव्ही करताना पायाला विजेचे छोटे झटके देऊन नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. ही तपासणी जाड, वेगवान तंतूंची असते. स्नायू हलवणारे, कंपन आणि सांध्यांची स्थिती मेंदूला कळवणारे तंतू तिच्यात दिसतात. आग, वेदना, गरम आणि गार यांची जाणीव नेणारे तंतू अतिशय बारीक असतात आणि ते एनसीव्हीच्या मोजमापात येतच नाहीत. त्यामुळे केवळ बारीक तंतू बिघडले असतील, तर एनसीव्ही नॉर्मल येणे हेच अपेक्षित असते. या तंतूंची थेट तपासणी करायची तर घोट्याच्या वरून आणि मांडीवरून सुमारे ३ मिलिमीटर व्यासाचा त्वचेचा तुकडा काढून, त्यातील तंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजावे लागतात. ही सोय मोजक्याच ठिकाणी आहे आणि प्रत्येक रुग्णाला तिची गरज नसते, कारण अहवाल काहीही आला तरी पहिले उपचार बहुधा तेच राहतात. त्या तपासणीसाठी तुम्ही लगेच मुंबई गाठावी असे मी म्हणणार नाही. मात्र एनसीव्हीच्या कागदावरचा ‘नॉर्मल’ हा शब्द कशाबद्दल आहे आणि कशाबद्दल नाही, हे तुम्हाला आणि तुमच्या घरच्यांनाही माहीत असायला हवे. तुमच्याच कामातले उदाहरण घ्या: मशीनचे टेन्शन बिघडले की सुई, दोरा आणि कापड तिन्ही चांगली असूनही टाका सैल पडतो, आणि सुई कितीही वेळा बदलली तरी तो सुधारत नाही. इथेही तसेच: एनसीव्हीने पाहिलेले तंतू चांगले असले, तरी बिघाड न पाहिलेल्या तंतूंत असू शकतो.

आता मणक्याकडे वळू. ‘मणक्यात गॅप’ हे शब्द आपल्याकडे इतके रुळले आहेत की ते ऐकले की माणूस वाकायलाही घाबरतो. एमआरआयमधला बल्ज म्हणजे दोन मणक्यांमधली चकती थोडी बाहेर फुगलेली दिसणे. अमेरिकेत १९९४ साली कंबर अजिबात दुखत नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढले, तेव्हा त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांत निदान एका ठिकाणी असा बल्ज दिसला. पुढे अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब २०१५ मध्ये मांडला गेला. त्यात कुठलाही त्रास नसलेल्या विशीतल्या ३० टक्के माणसांत आणि ऐंशीतल्या ८४ टक्के माणसांत बल्ज आढळला. म्हणजे पन्नाशीत तो असणे हे केस पिकण्याइतके सामान्य आहे. तुमची कंबर दुखते हे खरे, तुमच्या एमआरआयमध्ये बल्ज आहे हेही खरे. पण एकामुळे दुसरे घडते आहे, हे त्या फिल्मवरून सिद्ध होत नाही.

तळपायांच्या आगीचे कारण कंबरेतला तो बल्ज आहे, हे तर मला आणखीच अवघड वाटते. मणक्याजवळ नस दबली की वेदना बहुधा एका पायात, एका पट्ट्यात उतरते. पाचवी कटिनस, म्हणजे कंबरेच्या मणक्यातून निघणारी पाचवी नस, दबली तर कळ मांडीच्या व पोटरीच्या बाहेरच्या बाजूने अंगठ्याकडे जाते. त्याखालची पहिली त्रिकनस दबली तर ती पोटरीतून टाच आणि करंगळीकडच्या कडेपर्यंत जाते. खोकताना, शिंकताना, वाकताना चमक निघते. न्यूरोपॅथीची रीत वेगळी आहे. शरीरातल्या सर्वांत लांब नसांची टोके आधी बिघडतात, म्हणून त्रास दोन्ही पायांच्या बोटांपासून आणि तळव्यांपासून सुरू होतो, मोजा चढवावा तसा वर सरकतो आणि खूप पुढे गेल्यावर हातांच्या बोटांत येतो. एक अपवाद मात्र तपासून घ्यावा. मणक्याचा मार्गच अरुंद झाला असेल तर दोन्ही पाय जड आणि बधिर होऊ शकतात; पण तो त्रास उभे राहिल्यावर किंवा चालताना येतो आणि बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर ओसरतो. तुमचा त्रास रात्री अंथरुणात वाढतो, म्हणून तो या साच्यात बसत नाही.

म्हणून माझे मत असे आहे की तुम्हाला दोन वेगवेगळी दुखणी आहेत आणि एकाच वेळी चालू असल्यामुळे ती एकाच धाग्यात ओवली गेली आहेत. ऑपरेशनचे उत्तरही यातूनच निघते. पायातली ताकद कमी होत नसेल, पाऊल लोंबकळत नसेल, लघवी-शौचावरचा ताबा शाबूत असेल आणि एका पायात उतरणारी ठरावीक कळ नसेल, तर केवळ तळपायांची आग आणि कंबरदुखी यांसाठी त्या बल्जचे ऑपरेशन करून घेऊ नका. ज्या डॉक्टरांनी ते सुचवले त्यांना एकच प्रश्न शांतपणे विचारा: “या ऑपरेशनने माझ्या दोन्ही तळपायांची आग जाईल असे तुम्हाला वाटते का, आणि कशावरून?” उत्तर स्पष्ट नसेल तर दुसऱ्या शल्यचिकित्सकाचे मत घेतल्याशिवाय तारीख ठरवू नये.

‘कारण सापडत नाही’ असे तुम्हाला सांगितले गेले. न्यूरोपॅथी असलेल्यांपैकी साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यात पूर्ण तपासणीनंतरही कारण मिळत नाही, हे वैद्यकशास्त्रातले मान्य सत्य आहे. मात्र ‘पूर्ण तपासणीनंतर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत आणि तुमची तपासणी पूर्ण झालेली नाही, असे पत्रावरून दिसते. त्यातल्या तीन गोष्टींवर थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट बी-१२ ची. तुम्ही लिहिता की ते भरपूर आहे. पण रक्त तपासले ते लाल, म्हणजे बी-१२ ची, इंजेक्शने घेण्यापूर्वी की नंतर? इंजेक्शनांनंतर रक्तातला आकडा वर जाणारच, आणि त्यावरून आधी वर्षानुवर्षे कमतरता नव्हती असा निष्कर्ष काढता येत नाही. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्यापैकी सुमारे दोनतृतीयांश जणांत बी-१२ कमी आढळले होते. आपल्या शाकाहारी आणि अर्धशाकाहारी ताटात हे जीवनसत्त्व मुळातच कमी असते. त्यात ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोलसारखी गोळी अनेक वर्षे घेतली की अन्नातले बी-१२ सुटे होऊन शोषले जाणे आणखी मंदावते. तुमच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या असण्याची शक्यता मला बरीच वाटते. पहिल्या इंजेक्शनाच्या आधीचा रिपोर्ट घरातल्या कुठल्या पिशवीत सापडतो का पाहा. तो नसेल तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड (बी-१२ कमी पडले की रक्तात वाढणारे घटक) या तपासण्यांनी काही उजेड पडतो का, हे डॉक्टरांना विचारा. ॲसिडिटीची गोळी खरोखर अजून लागते का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या. कमतरता दीर्घकाळ राहिली असेल तर नसा सावरायला महिने लागतात आणि काही इजा कायमची राहते. त्यामुळे इंजेक्शनांनी फरक पडला नाही म्हणजे बी-१२ चा संबंध नव्हता, असे समजू नये.

दुसरी गोष्ट नसांच्या गोळ्यांची. तुमच्या गोळ्यांच्या पाकिटाची मागची बाजू उजेडात धरून वाचा आणि त्यात पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६, किती मिलिग्रॅम आहे ते पाहा. हे जीवनसत्त्व थोड्या प्रमाणात गरजेचे असते, पण मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतले तर तेच नसांना इजा करते. १९८३ मध्ये याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झाली, तरी आपल्याकडे अनेक मिश्र गोळ्यांमध्ये ते आजही भरपूर असते, आणि एकाच माणसाच्या दोन-तीन गोळ्यांत ते पुन्हा पुन्हा येते. नसा बऱ्या व्हाव्यात म्हणून घेतलेल्या गोळीनेच नसा दुखत राहाव्यात, याचे मला फार वाईट वाटते, कारण ते टाळणे इतके सोपे आहे. सगळी पाकिटे एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता. कुणी ओळखीतून दिलेली, नाव नसलेली पुडीतली औषधे किंवा भस्मे घेत असाल तर तीही दाखवा. काहींमध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळलेले आहे आणि हे तिन्ही नसांना घातक आहेत.

तिसरी गोष्ट साखरेची. तीन महिन्यांची सरासरी ५.७ ते ६.४ असेल तर तिला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात, तुमची ६.१ आहे. ‘शुगरची सुरुवात’ म्हणणारे डॉक्टर त्यामुळे निराधार बोलत नव्हते. या अवस्थेतही काही जणांचे बारीक तंतू बिघडू लागतात. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त तपासण्याची चाचणी करून घ्या, कारण उपाशीपोटीची साखर ठीक असूनही ती कधीकधी वेगळे चित्र दाखवते. यात आशेला जागा आहे. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातील डॉक्टरांनी २००६ मध्ये मधुमेहपूर्व अवस्थेतली न्यूरोपॅथी असलेल्या ३२ जणांना आहार आणि व्यायामाचे मार्गदर्शन दिले, तेव्हा वर्षभरात त्यांच्या मांडीच्या त्वचेतले तंतू काही प्रमाणात पुन्हा वाढलेले आढळले आणि वेदनाही कमी झाली. अभ्यास लहान होता, पण बारीक तंतू पुन्हा उगवू शकतात हे त्यातून दिसले.

बाकीची यादी थोडक्यात देतो: थायरॉइड, मूत्रपिंड आणि यकृताचे काम, संपूर्ण रक्तगणना, रक्तातील प्रथिनांचे इलेक्ट्रोफोरेसिस (प्रथिने वेगवेगळी करून पाहण्याची तपासणी), एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी. डोळे आणि तोंड सतत कोरडे पडत असेल तर ते आवर्जून सांगा. कधी क्षयरोगाचा किंवा कर्करोगाचा उपचार झाला असेल तर त्याचीही नोंद द्या, कारण त्यातली काही औषधे नसांवर परिणाम करतात. आणखी एक तपासणी फुकटची आहे आणि शहरातल्या चकचकीत दवाखान्यांत ती विसरली जाते: अंगावर कुठे फिकट, बधिर चट्टा आहे का, कोपराजवळची किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस हाताला जाड लागते का, हे पाहणे. कुष्ठरोग आपल्या राज्यातून संपलेला नाही. तो बरा होतो आणि त्याचे औषध शासकीय केंद्रात मोफत मिळते. तुमचे वर्णन त्याचे वाटत नाही, पण दोन मिनिटांच्या तपासणीने शंका मिटते. पायांची तपासणीही नीट करून मागा. अंगठ्यावर १२८ हर्ट्झचा कंपनकाटा ठेवून कंपन कळते का, १० ग्रॅमच्या नायलॉनच्या तंतूचा स्पर्श कळतो का, टोचलेले आणि गार लागलेले ओळखता येते का, घोट्यामागे हातोडीने हलके ठोकल्यावर पाऊल आपोआप झटकते का, हे पाहायला यंत्रे लागत नाहीत, वेळ लागतो. चपला-मोजे काढून कोणी तुमचे पाय तपासलेच नसतील, तर एमआरआयपेक्षा ती तपासणी आधी व्हायला हवी होती.

एवढे सगळे करूनही कारण सापडणार नाही, असे होऊ शकते. त्या वेळी तुम्ही काय करावे, हाच माझ्या मते तुमच्या पत्रातला खरा प्रश्न आहे. कारण सापडेपर्यंत उपचार थांबवून ठेवण्याची काहीही गरज नाही. आग कमी करणारी औषधे कारण माहीत असो वा नसो, सारखीच वापरली जातात. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक यांसारख्या नेहमीच्या वेदनाशामकांचा नसांच्या वेदनेवर जवळजवळ उपयोग होत नाही आणि रोज घेतल्यास मूत्रपिंड व जठर यांना धोका असतो. त्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणणे बंद करा. नसांच्या वेदनेसाठी अमिट्रिप्टिलिन किंवा नॉरट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, गॅबापेन्टिन आणि प्रिगॅबालिन ही औषधे आहेत. त्यातली काही मुळात उदासीनतेसाठी किंवा फिट्ससाठी निघाली. म्हणून चिठ्ठीवर ते नाव दिसले की ‘मला वेड्यात काढले’ असे वाटून घेऊ नका. वेदनेचे संदेश मंदावण्याचे काम ती स्वतंत्रपणे करतात.

या औषधांबद्दल अपेक्षा मात्र खरी ठेवा. त्यांतले बहुतेक औषध साधारण सहा ते आठ जणांना दिले तर त्यांच्यापैकी एकाची वेदना त्या औषधामुळे निम्म्यावर येते. उरलेल्यांना कमी फरक पडतो किंवा पडतच नाही. म्हणून एक औषध चालले नाही म्हणजे सगळे संपले असे नसते, आणि आठवडाभरात गोळी सोडून देणे हेही बरोबर नसते. रात्रीच्या छोट्या मात्रेपासून सुरुवात करायची, सोसेल तसे हळूहळू वाढवायचे, पुरेशा मात्रेवर चार ते सहा आठवडे थांबायचे आणि मग ठरवायचे. गुंगी, चक्कर, पायांवर सूज, तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठ यांची कल्पना आधीच घ्या. काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असेल तर अमिट्रिप्टिलिनपूर्वी सांगा; मूत्रपिंडाचे काम कमी असेल तर गॅबापेन्टिन आणि प्रिगॅबालिनची मात्रा कमी करावी लागते. यातले कोणतेही औषध एकदम बंद करू नका. तळव्यांना लावण्यासाठी मिरचीतल्या कॅप्सायसिनचे मलमही मिळते. पहिले काही दिवस ते आग वाढवते आणि लावल्यावर हात साबणाने धुवावे लागतात, पण काहींना त्याने आराम पडतो.

कंबरेसाठी यापेक्षा वेगळा रस्ता आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत व्यायाम आणि दुखण्याची नीट माहिती करून देणे यांवर भर आहे. कमरेचा पट्टा, ट्रॅक्शन आणि अफूवर्गीय वेदनाशामके सरसकट वापरू नयेत असे त्यांत म्हटले आहे. आपल्या घराघरांत खुंटीला तो पट्टा लटकलेला असतो, म्हणून मुद्दाम लिहिले. आरामानेही कंबर सुधारत नाही, उलट आखडते. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांवर केलेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना हळूहळू वाढवत नेलेला चालण्याचा कार्यक्रम दिला, त्यांच्यापैकी निम्म्या जणांची कंबर पुन्हा दुखेपर्यंत २०८ दिवस गेले आणि ज्यांना दिला नाही त्यांच्यापैकी निम्म्यांची ११२ दिवसांतच पुन्हा दुखली. तुमची कंबर अजून दुखते आहे, त्यामुळे हे आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण दिशा कळते. रोज थोडे चाला, घरापासून जिथून हमखास परतता येईल तिथपर्यंतच, आणि दर आठवड्याला थोडी भर घाला. चालणे कंबरेला, साखरेला आणि झोपेला एकाच वेळी उपयोगी पडते. तुमच्यासाठी लिहून देता येण्याजोगे याहून चांगले औषध मला माहीत नाही. एकदा फिजिओथेरपिस्टकडून पाठीचे आणि पोटाचे व्यायाम समजून घ्या आणि ते घरी करा. महिनोन्महिने मशीनचा शेक घेण्यात पैसे घालवू नका.

शिवणकाम सोडू नका. त्या कामातून तुम्हाला पैसे मिळतात, माणसे घरी येतात आणि दिवसाला आकार राहतो. दुखण्याने आधीच बरेच काही हिरावले आहे. मात्र कामाची रीत बदला. पायाच्या मशीनला मोटर बसवून घ्या, म्हणजे पायपट्टीवर तळवे सतत घासणार नाहीत. जमिनीवर मांडी घालून, वाकून कापड कापण्याऐवजी कमरेच्या उंचीच्या टेबलावर कापा. बिनपाठीचे स्टूल बदलून पाठ टेकता येईल अशी खुर्ची घ्या आणि तिची उंची अशी ठेवा की पाय जमिनीवर सपाट टेकतील. वीस-पंचवीस मिनिटांनी, दुखो वा न दुखो, उठून अंगणात फेरी मारा. बहुतेक जण दुखणे वाढेपर्यंत रेटतात, मग दोन दिवस आडवे पडतात. बरे वाटते त्या दिवशी राहिलेली सगळी कामे उरकायला जातात आणि पुन्हा पडतात. जूनमध्ये गणवेशांची घाई असते तेव्हा हे चक्र हमखास फिरते, हे तुम्ही अनुभवले असेल. घेतलेल्या कामापैकी काही भाग गावातल्या दुसऱ्या एखादीला देण्याची व्यवस्था मे महिन्यातच करून ठेवा.

पायांची काळजी हा रोजच्या सवयीचा भाग करा. आग होणारे पाय अनेकदा बधिरही असतात, आणि माणूस आगीने इतका त्रासलेला असतो की बधिरपणा त्याच्या लक्षात येत नाही. तुमच्या कामात जमिनीवर सुया आणि टाचण्या पडतात, म्हणून घरातही मऊ तळाच्या, मागे पट्टा असलेल्या चपला घाला. रात्री दिव्याखाली दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवा. पाणी किती गरम आहे ते पायाने न पाहता कोपराने पाहा. गरम पाण्याची पिशवी किंवा तापवलेली वीट तळव्यांना लावू नका, आणि आग शमवण्यासाठी पाय बर्फात बुडवूनही ठेवू नका. साधे गार पाणी थोडा वेळ पुरते. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातल्याने तळव्याला फोड आलेले आणि ते दोन दिवसांनी ध्यानात आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. देवदर्शन सकाळी लवकर घ्या आणि मोजे घालून चाला. पांघरूण सोसत नसेल तर अंथरुणाच्या पायथ्याशी पुठ्ठ्याचा रिकामा खोका आडवा ठेवून त्यावरून चादर सोडा, म्हणजे ती पायांना टेकणार नाही.

घरात कोणी विचारत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. तीन वर्षे झोप मोडलेली असताना माणूस खचतो, चिडतो, रडवेला होतो. ते दुखण्याचे परिणाम असतात. झोप आणि मन सावरले की वेदना सोसण्याची ताकद वाढते, हेही खरे आहे, म्हणून मनासाठी मदत घेण्यात कमीपणा नाही. मात्र ‘मन रमवा’ असे सांगून एखाद्याला दारातून परत पाठवणे म्हणजे उपचार नव्हे. तुमच्या यजमानांना किंवा मुलाला पुढच्या भेटीत सोबत न्या आणि एनसीव्हीमध्ये बारीक तंतू दिसत नाहीत, हे डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकू द्या. घरच्यांकडून सहानुभूती मागण्यापेक्षा नेमकी मदत मागा: पाण्याच्या घागरी कोणी भरायच्या, गठ्ठे कोणी उचलायचे. जगणे नकोसे वाटण्याइतका एखादी रात्र जड झाली, तर १४४१६ हा टेलिमानसचा शासकीय, मोफत दूरध्वनी कोणत्याही वेळी चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

काही लक्षणे मात्र वाट पाहण्याची नाहीत. लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, बसण्याची जागा आणि जांघा बधिर होणे, पाऊल उचलता न येणे, कंबरदुखीबरोबर ताप येणे किंवा वजन घटणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. पायांतली अशक्तता तासांत किंवा दिवसांत वर चढू लागली तरीही तसेच. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे अनेक रुग्ण आढळले, तो आजार असाच चढतो आणि वेळेवर उपचार मिळणे त्यात निर्णायक असते. तुमचा तीन वर्षांचा त्रास त्या प्रकारचा नाही. पण आठवड्यांमागून आठवडे दोन्ही पायांची ताकद कमी होत चालली, जिना चढणे किंवा जमिनीवरून उठणे अवघड होऊ लागले, तर मेंदू-मज्जाविकार तज्ज्ञांकडे लगेच जा, कारण त्यातले काही प्रकार औषधांनी चांगले आटोक्यात येतात.

आता पुढची भेट. चौथा, पाचवा, सहावा डॉक्टर करत फिरण्यापेक्षा एक जाणता फिजिशियन धरा. जवळपास मज्जाविकार तज्ज्ञ नसेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एकदा दाखवून, पुढचा पाठपुरावा गावाजवळच्या डॉक्टरांकडे ठेवता येतो. एका कागदावर लिहून न्या: त्रास कधी आणि कुठून सुरू झाला, कुठपर्यंत पसरला, कशाने वाढतो, कोणती औषधे किती मात्रेत आणि किती दिवस घेतली, त्यांनी काय झाले. आगीचा आकडा शून्य ते दहा असा रोज लिहीत बसू नका, त्याने लक्ष सतत तिथेच राहते. त्याऐवजी आठवड्यातून एकदा लिहा की किती वेळ सलग झोप लागली, किती चालता आले आणि किती कपडे शिवून झाले. औषध उपयोगी पडते आहे की नाही, हे डॉक्टरांना त्यावरून अधिक चांगले कळते. कारण सापडले नाही तरी सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पाय पुन्हा तपासून घ्या आणि साखर, बी-१२ यांसारख्या तपासण्या पुन्हा करा, कारण आज न दिसलेले कारण पुढे दिसू शकते. ग्लुकोजची चाचणी झाली आणि गोळ्यांच्या पाकिटांवरचा बी-६ चा आकडा वाचून झाला की मला पुन्हा लिहा.